ओलाव्याचे तास

रायगड जिल्ह्यात गंजाचा विषय निघाला की बोट आपसूक पश्चिमेकडे वळतं. अलिबाग, मुरूड, उरण, श्रीवर्धन. खारा वारा, डाग पडलेली क्रोमची हँडलं, काही पावसाळ्यांतच चाळण होणारी पत्र्याची छपरं. या हिशेबात कर्जत आणि खालापूर हे तालुके सुटले असं मानायची पद्धत आहे. कर्जतपासून पनवेलची खाडी सरळ रेषेत तीसेक किलोमीटर आणि उघडा समुद्र पंचेचाळीसच्या पुढे. मध्ये माथेरान, प्रबळगड, कर्नाळ्याचे डोंगर आडवे. तरीही नेरळ-कर्जत-खोपोलीच्या पट्ट्यात गावातल्या टेम्पोची चाकांवरची कमान, मोटरसायकलचा सायलेन्सर, पॉवर टिलरचा मडगार्ड आणि शेडमधली अवजारं गंजायची राहत नाहीत. समुद्र लांब असूनही लोखंड खाल्लं जातं ते कशामुळे, याचं उत्तर नीट लागलं नाही तर उपायही भलत्याच जागी केला जातो. या प्रकरणाचं म्हणणं एवढंच, की या दोन तालुक्यांत लोखंडावर किती मीठ बसलं यापेक्षा ते वर्षाकाठी किती तास ओलं राहिलं यावर त्याचं आयुष्य ठरतं. आणि म्हणून इथली खरी राखण रंगाच्या डब्यापेक्षा वाळवण्यात आहे.

लोखंड, पाणी आणि प्राणवायू या तिघांपैकी एक जरी गैरहजर असलं तरी गंज चढत नाही. हवा सगळीकडे आहे, लोखंड तर आपणच आणलेलं. आपल्या हातात उरतं ते पाणी. पण पाणी म्हणजे फक्त पाऊस नव्हे. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ व्हर्नन यांच्या १९३०च्या दशकातल्या प्रयोगांत असं दिसलं, की हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असेल तोवर लोखंड जवळजवळ निवांत राहतं. ही मर्यादा ओलांडली आणि हवेत सल्फर डायऑक्साइडचा थोडा अंश असला की गंजण्याचा वेग एकदम चढतो. म्हणजे थेंब डोळ्यांना दिसायच्या आधीच धातूवर पाण्याची पातळ साय धरलेली असते. म्हणूनच आयएसओ ९२२३ हे आंतरराष्ट्रीय मानक हवामानाची गंज चढवण्याची ताकद ठरवताना वर्षातले असे तास विचारात घेतं, ज्यांत तापमान शून्याच्या वर आणि आर्द्रता ८० टक्क्यांहून अधिक असते. हा हिशेब इथं मांडून पाहू. जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस, म्हणजे २,९२८ तास. कर्जतला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा याच चार महिन्यांत. त्या तासांतला पाऊण हिस्सा ओला धरला तर २,२०० तास होतात. त्यात उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांतल्या धुक्याच्या, दवाच्या शंभर रात्री, प्रत्येकी सहा तासांच्या, मिळवल्या तर आकडा २,८०० वर जातो. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. पण वर्षाच्या ८,७६० तासांपैकी एक तृतीयांश काळ लोखंड ओलं असतं, एवढं त्यातून कळतं. सूर्य वर येऊन पत्रा तापेपर्यंत डिसेंबरातली कोरडी दिसणारी सकाळही या हिशेबात ओलीच धरायची.

मग मिठाचं काय? मीठ गंजाचा वेग दोन वाटांनी वाढवतं. ते पाण्याला विजेचं चांगलं वाहक करतं आणि हवेतला ओलावा स्वतःकडे ओढून धरतं. साधं मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाघळतं. समुद्राच्या मिठात मिसळलेलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांनाच. किनाऱ्यावरचं लोखंड कडक उन्हातही पुरतं कोरडं होत नाही ते यामुळे. पण हवेतून येणारं हे मीठ फार लांबचा प्रवास करत नाही. नायजेरियातल्या लागोसच्या किनाऱ्यावर केलेल्या आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लाटा फुटतात तिथून थोडं आत गेल्यावरच मीठ आणि गंज दोन्ही झपाट्यानं घटताना दिसले. कराईकुडीच्या केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्थेनं भारताचा गंजाचा नकाशा केला, त्यातही किनारपट्टी वेगळी उठून दिसते. १९१४ साली सुरू झालेल्या पांबनच्या रेल्वेपुलाला थेट समुद्राचे शिंतोडे झेलावे लागले आणि गंजाशी झुंजत अखेर डिसेंबर २०२२ मध्ये त्यावरची वाहतूक थांबली. ती गोष्ट कर्जतच्या उल्हास नदीवरच्या पुलाला लावता येत नाही. दोन्हीकडच्या गाड्या शेजारी उभ्या करून पाहिल्या तर फरक जागेवरूनच कळतो. किनाऱ्यावरच्या गाडीचा गंज उघड्या अंगावर, वाऱ्याच्या बाजूला, आरशाच्या दांडीवर आणि हँडलवरही दिसतो. घाटपायथ्याच्या गाडीची वरची बाजू बऱ्याचदा चकचकीत असते आणि ती सडते खालून, सांध्यांतून, आतल्या पोकळीतून. खाऱ्या वाऱ्याला अशी जागा निवडता येत नाही. ओलावा जिथं अडकतो तिथंच हा गंज सापडतो, आणि हाच ओलाव्याविरुद्धचा पुरावा.

ओलावा अडकवण्यात पहिला हात चिखलाचा. केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात एक साधा प्रयोग केला: घासून लखलखीत केलेल्या लोखंडावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवला. गंज थेंबाच्या कडेला चढेल असं कुणालाही वाटावं, कारण तिथं हवा भरपूर. झालं उलट. कडेचं लोखंड शाबूत राहिलं आणि थेंबाच्या मध्यभागी, जिथं प्राणवायू पोचायला वेळ लागतो, तिथलं विरघळू लागलं. एकाच ओल्या थराखाली प्राणवायू कुठं जास्त, कुठं कमी असला की कमी असलेली जागा स्वतःला गमावून दुसरीला वाचवते. भातखाचरात चिखलणी करून आलेल्या पॉवर टिलरच्या मडगार्डच्या आत, टेम्पोच्या चाकावरच्या कमानीच्या दुमडलेल्या ओठात, पाट्यांच्या मधल्या फटीत बसलेला चिखल हाच प्रयोग महिनोन्‌महिने चालू ठेवतो. वरून चिखल वाळून पांढुरका दिसतो, आत पत्र्याला टेकलेला थर ओला असतो. म्हणून बाहेरचा रंग फुगलेला दिसतो तेव्हा आतलं काम बहुधा उरकलेलं असतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतो. तो फुगतो, रंग उचलतो आणि त्या उचललेल्या रंगाखाली पुन्हा पाणी साठवतो. पूर आल्यानंतर हेच मोठ्या प्रमाणावर होतं. २६ जुलै २००५ सारख्या दिवशी पाण्यात बुडालेल्या गाडीचं इंजिन आणि वायरिंग लोक सोडवून घेतात, पण दाराच्या आत आणि चासीच्या चौकोनी नळ्यांत शिरलेला गाळ तिथंच राहतो.

दुसरा हात आपल्याच सावधगिरीचा. कर्जत, भिवपुरी रोड, नेरळ, खोपोली या स्टेशनांबाहेर सकाळी लावलेल्या मोटरसायकली संध्याकाळपर्यंत पावसात असतात. अनेकजण ओल्या गाडीवरच प्लास्टिकचं कव्हर ओढतात. पाऊस अडतो, पण आतली वाफही अडते, आणि उघड्यावर दोन तासांत वारा जेवढं वाळवेल तेवढं वाळायला कव्हरखाली दिवस जातो. ताडपत्रीखालच्या पंपसेटचं, गोणपाटात गुंडाळलेल्या अवजारांचंही तेच. सायलेन्सरचं दुखणं आणखी आतलं आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे नऊशे मिलिलिटर पाणी तयार होतं आणि ते वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून बाहेर जातं. लांबच्या प्रवासात नळी तापते, वाफ निघून जाते. घर ते स्टेशन अशा तीन-चार किलोमीटरच्या फेरीत सायलेन्सर पुरता तापतच नाही. वाफेचं पाणी होतं, त्यात धुराची आम्लं मिसळतात आणि नळी आतून सडते. तिच्यावर बाहेरून कितीही चंदेरी रंग मारला तरी हा गंज त्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. आठवड्यातून एकदा गाडी नीट तापेल इतकी पळवणं हाच त्यावरचा उपाय, आणि त्याला वेगळा खर्च नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून, समुद्रावरूनच येतो; तो सह्याद्रीला आपटतो तेव्हा मीठही आणतच असेल. आणतो, थोडं. पण तोच पाऊस उघड्या पृष्ठभागावरचं मीठ धुऊनही टाकतो. साठून राहतं ते पाऊस पोचत नाही अशा खालच्या, आतल्या जागी. म्हणजे हा आक्षेप मान्य केला तरी आपण पुन्हा त्याच अडगळीच्या जागांकडे येतो. या तालुक्यांत मिठाची मोठी आवक हवेपेक्षा चाकांवरून आणि गोण्यांतून होते. न्हावा-शेव्याच्या बंदरातून निघून द्रुतगती मार्गानं खालापूरचा टोलनाका ओलांडणारे कंटेनर, पेण-खोपोली रस्त्यानं येणारा किनाऱ्याकडचा माल, सुक्या मासळीचे टेम्पो, नागाव-किहीमच्या वाळूत चाकं बुडवून परतलेली सुट्टीतली मोटार. खतांचंही तसंच. म्युरेट ऑफ पोटॅश हे पोटॅशियम क्लोराइड आहे आणि त्याच्या वजनातला निम्म्याच्या जवळपास भाग क्लोराइडचा. युरिया तीस अंशांच्या उन्हाळी तापमानात सुमारे ७३ टक्के आर्द्रतेलाच पाघळू लागतो, आणि दोन खतं मिसळली की ही मर्यादा आणखी खाली येते. ज्या ट्रॉलीतून जुलैत खत नेलं ती न धुता उभी केली तर तिच्या तळाला समुद्रकिनारा घरबसल्या मिळतो. रेल्वेचा अनुभवही याच बाजूचा आहे. डब्यांतल्या उघड्या शौचालयांतून रुळांवर पडणाऱ्या घाणीनं रूळ आणि त्यांच्या पकडी गंजतात, हे अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या सुरक्षा समितीनं २०१२ मध्ये नोंदवलं होतं. जैव-शौचालयं बसवण्यामागं स्वच्छतेइतकंच हेही कारण होतं. घाट चढण्याआधी गाड्या जिथं थांबतात त्या कर्जतसारख्या स्टेशनाला त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

दुसरा आक्षेप कारखान्यातून येतो: आता जस्ताचा मुलामा आहे, मग काळजी कशाला? खालापूर तालुक्याला हे सांगायला बाहेरचं कुणी नको. खोपोलीजवळचा उत्तम गाल्वाचा कारखाना, जो २०२२ पासून आर्सेलरमित्तल निप्पॉन स्टीलकडे आहे, जस्त चढवलेलाच पत्रा बनवतो. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं, म्हणजे जस्ताची जाडी हीच पत्र्याची आयुर्मर्यादा. पत्र्यावरचा आकडा दोन्ही बाजू मिळून एका चौरस मीटरवरच्या जस्ताच्या ग्रॅममध्ये असतो. १२० ग्रॅमच्या पत्र्यावर एका बाजूला साधारण ८ मायक्रॉन जस्त बसतं, २७५ ग्रॅमच्या पत्र्यावर सुमारे १९. आयएसओ ९२२३ प्रमाणे मध्यम गंजाच्या हवेत जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजतं, जास्त गंजाच्या हवेत २.१ ते ४.२. याचा भागाकार केला तर पहिला पत्रा मध्यम हवेत ४ ते १२ वर्षं आणि वाईट हवेत २ ते ४ वर्षं संरक्षण देतो. दुसरा मध्यम हवेत ९ ते २७ आणि वाईट हवेत साडेचार ते ९ वर्षं. दुकानात दोन्ही पत्रे सारखेच चमकतात, म्हणून खरेदीच्या वेळी चमक न पाहता हा आकडा विचारायचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे दर मोकळ्या हवेतल्या पत्र्याचे आहेत. नवे पत्रे एकावर एक रचून पावसात ठेवले तर दोन पत्र्यांमधल्या पाण्यानं जस्तावर पांढरी भुकटी धरते आणि छप्पर चढण्याआधीच मुलामा खर्ची पडतो. जस्तही ओलाव्याच्या तासांतून सुटत नाही. ते फक्त लोखंडाच्या वाटचे तास आपल्या अंगावर घेतं.

तिसरा आक्षेप नव्या मोटारीच्या मालकाचा. कारखान्यात आख्खा सांगाडा रंगाच्या कुंडात बुडवून विजेच्या साहाय्यानं प्रायमर चढवतात, तो पोकळ्यांतही पोचतो. वर शोरूममध्ये काळं अंडरकोटिंगही करून मिळतं. पहिली गोष्ट खरी आहे आणि तिच्यामुळेच आजच्या मोटारी पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त टिकतात. पण हा प्रायमर शाबूत असेपर्यंतच. खडीनं टवका उडाला, क्रॅश गार्डसाठी किंवा ॲक्सेसरीसाठी भोक पाडलं, छोट्या हत्तीवर लोखंडी हौदा वेल्ड केला की त्या जागी कारखान्याचं संरक्षण संपतं. या तालुक्यांतली कामाची वाहनं बहुतेक अशीच, मागून जोडकाम केलेली असतात. अंडरकोटिंगबद्दल जरा थांबून विचार करायला हवा. त्याची ख्याती युरोप-अमेरिकेतली, जिथं हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. कोरड्या, स्वच्छ, नव्या पत्र्यावर ते उपयोगी पडतं. जुन्या गाडीवर, जुलैत, आधीच्या गंजावर आणि दमट पत्र्यावर जाड डांबरी थर मारला तर तो ओलावा बाहेर जाऊ न देणारं झाकण होतो, आणि खाली चाललेलं काम नजरेआडही करतो. चिखलाखाली इव्हान्सच्या थेंबाचं जे होतं तेच सुटू लागलेल्या डांबरी थराखाली होतं. मारायचंच असेल तर एप्रिल-मे महिन्यांत, तळ धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून आणि सुटा गंज खरवडून. पोकळ्यांत मेणासारखा पातळ, भेगांत झिरपणारा थर जाड डांबरापेक्षा बरा.

ओलाव्याचे तास कमी करायचे म्हणजे काय, याचा धडा घाटउतारावर उघड्यावर पडलेला आहे. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं, भिवपुरीचं १९२२ मध्ये. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी पोलादी नळांतून डोंगर उतरतं. एवढ्या पावसाच्या जागेवर एवढं उघडं पोलाद दुसरीकडे सहसा दिसत नाही. पण नळ गोल आहे, त्यावर पाणी साचत नाही. त्याच्या चारी बाजू पाहता येतात, रंगवता येतात. गंजाशी लढण्याची अर्धी अक्कल आकारात असते. गावातल्या फॅब्रिकेटरनं टेम्पोचा हौदा किंवा शेडची कैची बनवताना चॅनलचं तोंड वर ठेवलं तर त्याचं चिखलाचं गटार होतं. खाली केलं तर पाणी गळून जातं. चौकोनी नळी दोन्ही टोकांना पूर्ण बंद करावी किंवा तळाला बोटभर भोकं ठेवावीत. अर्धवट बंद नळी सर्वांत वाईट. टाके-टाके घालून केलेल्या वेल्डिंगमधल्या फटी पाणी ओढून घेतात, म्हणून भिजणाऱ्या जागी वेल्डिंग सलग हवं आणि त्यावर रेड ऑक्साइड त्याच दिवशी. शेडच्या आतही हेच गणित चालतं. २७ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असलेली हवा ३५ अंशांपर्यंत तापवली तर, पाण्याचा एक थेंबही बाहेर न काढता, तिची आर्द्रता ५७ टक्क्यांवर येते, म्हणजे व्हर्ननच्या मर्यादेखाली. हत्यारांच्या कपाटात जुना तारेचा दिवा जळत ठेवण्याच्या पद्धतीमागं हे साधं शास्त्र आहे. दिवा नको असेल तर झाकणबंद डब्यात कळीचा चुना ठेवता येतो. तो हवेतलं पाणी शोषून घेतो, फक्त विरला की बदलावा लागतो आणि हत्याराला टेकू द्यायचा नाही.

शेवटचा आक्षेप पैशाचा. लहान शेतकऱ्यानं आणि एका टेम्पोवर घर चालवणाऱ्यानं हे सगळं कुठून करायचं? त्यांच्यासाठी प्रचलित उतारा म्हणजे जळकं ऑइल; फाळाला फासा, चासीवर शिंपडा. ते पाणी अडवतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या तेलात इंजिनातली आम्लं आणि धातूंचा चुरा असतो, रबरी बुशांना ते चांगलं नाही, आणि पावसात ते धुपून खाचरांत व पुढं उल्हास-पाताळगंगेत जातं. शिवाय ते कोरड्यावर फासलं तरच कामाचं. चिखलावर फासलं तर चिखलालाच टिकवतं. स्वस्तातला खरा उपाय त्याहून स्वस्त आहे: हंगामाच्या शेवटच्या दिवशी साध्या गोड्या पाण्यानं आतून-खालून धुणं, उन्हात पुरतं वाळवणं आणि मग फाळाला, नट-बोल्टांना, केबलला ग्रीसचा हात. पावसातच धुवायचं कशाला, गाडी तर भिजतेच आहे, असं कुणी म्हणेल. पण पाऊस वरून पडतो आणि चिखल खाली असतो. दसऱ्याला अवजारं घासून पुसून पुजायची रीत इथं आहेच, ती ऋतूच्या दृष्टीनं अचूक वेळी येते. तिला जोड हवी मृगाआधीच्या आठवड्याची. दसऱ्याला झालेलं नुकसान कळतं, मृगाआधी ते टाळता येतं. सुटा रंग खरवडून डागडुजी करायला, पाणी जायची भोकं मोकळी करायला आणि तळाला थर द्यायला लोखंड हाडापर्यंत कोरडं असावं लागतं, आणि या खोऱ्यांत तशी हमी मे महिन्याच्या पलीकडे कुणी देत नाही.

तेव्हा गंजाविरुद्धच्या कुठल्याही उपायाला या भागात एकच प्रश्न विचारायचा: यानं धातू ओला राहण्याचे तास कमी होतात की वाढतात? पाणी जाण्याचं भोक, उघडी शेड, धुऊन वाळवलेला तळ, तापलेला सायलेन्सर, तोंड खाली केलेलं चॅनल यांनी ते कमी होतात. ओल्या गाडीवरचं कव्हर, दमट पत्र्यावरचं डांबर, गोणपाटाची गुंडाळी, खतानंतर न धुतलेली ट्रॉली यांनी वाढतात, मग त्यांच्यावर कितीही खर्च झालेला असो. जुनी गाडी घेतानाही हाच प्रश्न उपयोगी पडतो. ती समुद्राकाठची नाही एवढ्यावर समाधान मानून बॉनेटची चमक पाहण्यापेक्षा चाकाच्या कमानीच्या आत बोट फिरवावं, दाराच्या खालच्या कडेची भोकं बुजली आहेत का ते पाहावं, हौद्याखालच्या आडव्या पट्ट्या ठोकून आवाज ऐकावा. बारीक, भरीव आवाज आला तर मालकानं गाडी वाळवली आहे. बद्द आवाज आला तर भाव तिथूनच खाली आणायला सुरुवात करावी.